आभाराचे फोन

दुपारची जेवणं उरकून मुली पुन्हा शाळेत गेल्या, की मी आभार मानायला बसायचे. बसायचे म्हणते, पण बसून मला एकही फोन कधी नीट करता आला नाही. वसतिगृहाच्या लांबलचक व्हरांड्यात, या टोकाला पाण्याची टाकी आणि त्या टोकाला मुलींच्या चपलांची मांडणी, यांच्यामध्ये फोन कानाला लावून मी येरझाऱ्या घालायचे आणि अनोळखी माणसांना सांगायचे, की तुम्ही दिलंत ते पोचलं, आम्ही आभारी आहोत.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगते. पुण्यातल्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे. निवृत्त झाले त्याच सुमाराला लेकीनं नोकरीच्या जवळ म्हणून मारुंजीत फ्लॅट घेतला आणि मी एकटी राहू नये म्हणून मलाही तिथं नेलं. खाली दिवसभर टेम्पो आणि बाईकची वर्दळ, वर मी आणि वॉशिंग मशीन. लेक सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. मी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायचे. शेवटी शाळेतल्या एका मैत्रिणीनं या वसतिगृहाचं सांगितलं. पौडच्या पुढं, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुली तिथं राहतात. वाडीतली शाळा चौथीला संपते. पुढं शिकायचं तर खाली उतरून राहायलाच हवं. मी स्कूटर काढली आणि आठवड्यातून काही दिवस मुलींचं मराठी घ्यायला जाऊ लागले. तेवढ्यापुरती तरी पायांना वाट मिळाली.

वसतिगृह देणग्यांवर चालतं. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर डॉक्टर, दवाखाना मुलाकडे सोपवून इथं रमलेले. विश्वस्तांच्या बैठकीत एकदा आयटीत काम करणारा एक तरुण आला. दर शनिवारी तो मुलींना कॉम्प्युटर शिकवायचा. त्यानं विचारलं, की देणाऱ्यांना आपण फोन कधी करतो? आम्ही एकमेकांकडे बघितलं. मागायचं असतं तेव्हा, असं उत्तर होतं, पण ते कुणी दिलं नाही. मग तोच म्हणाला की नुसते आभार मानायला फोन करून बघू. काही मागायचं नाही. ज्यांचे आभार मानले जातात ते पुढच्या वर्षी पुन्हा देतात, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. उलटंही वाचलं होतं, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बाईंचा आवाज चांगला आहे." झालं.

पहिल्या फोनला मी चांगली घाबरले होते. हिंजवडीच्या एका टॉवरमधल्या बाई होत्या. मी नाव सांगितलं, वसतिगृहाचं सांगितलं, आभार मानले. त्या म्हणाल्या, "बरं. आता किती हवेत?" मी म्हटलं काहीच नको.  त्यांनी जरा सावध आवाजात विचारलं, की मग फोन कशासाठी? मी पुन्हा आभार मानले. त्यांनी फोन ठेवला. मला वाटतं त्यांना शेवटपर्यंत तो काहीतरी डावच वाटला असेल. आणि वाईट असं, की तो डाव नव्हता असं मला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं. पुन्हा द्यावं म्हणूनच तर मी आभार मानत होते.

हा किडा तेव्हापासून डोक्यात शिरला.

कुणी मीटिंगमध्ये असायचं, नंतर करा म्हणायचं. नंतर केला की पुन्हा मीटिंग. एक हार्डवेअरचे दुकानदार म्हणाले, आभार राहू द्या, पावती पाठवा, सीए मागे लागलाय. कोथरूडच्या एक आजी, नवऱ्याच्या स्मरणार्थ देणाऱ्या, त्यांनी नवऱ्याचं शेवटचं आजारपण मला पहिल्यापासून सांगितलं. मग त्या स्वतःहूनच फोन करू लागल्या. मी वर्गात असले तरी उचलायचे. त्यांना आभार नको होते, कुणीतरी ऐकणारं हवं होतं, आणि मला ते कळत होतं, आणि तरी फोन ठेवताना माझ्या मनात यायचं, की या नक्की देतील. असं मनात आलं की मला स्वतःचा राग यायचा. संध्याकाळी घाट उतरताना मी गाडीवर एकटीच काहीतरी पुटपुटत यायचे.

वर्ष उलटलं. त्या तरुणानं लॅपटॉपवर सगळं मांडलं. ज्यांना फोन केले त्यांतल्या काहींनी पुन्हा दिलं, काहींनी नाही. ज्यांना केले नव्हते त्यांतही तसंच. कोथरूडच्या आजींनी काही दिलं नाही. टॉवरमधल्या त्या बाईंनी मात्र न सांगता, न विचारता पहिल्यापेक्षा जास्त पाठवलं. तरुण डोकं खाजवत म्हणाला, की यातून काही म्हणता येत नाही, अजून एक वर्ष करून बघू. अध्यक्षांचा फोनवर तसा विश्वासच नव्हता. त्यांचं म्हणणं, की आपल्याकडे माणूस फोननं बांधला जात नाही. त्याला समोर बसवून, चार लोकांत, शाल-नारळ द्यावा लागतो. पहिला सत्कार कुणाचा, यावर सगळ्यांच्या तोंडी एकच माणूस आला.

हिंजवडीजवळच्या नांदे गावचे एक शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणू लागले. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, बोलणं मोजकं. वसतिगृह सुरू झाल्यापासून दरवर्षी भाताची झोडणी झाली, गिरणीतून तांदूळ आला, की त्यांचा टेम्पो पोत्यांसकट दारात उभा राहायचा. कधी स्वतः यायचे, कधी नुसताच ड्रायव्हर. पोती कोठीत लागली की पाणी पिऊन निघायचे. कुणी त्यांना कधी फोन केला नव्हता, तरी तांदूळ चुकला नव्हता. त्यांच्या शेताच्या तिन्ही अंगांना आता सोसायट्या झाल्यात. वरच्या बाल्कन्यांतून लोक त्यांची लावणी बघतात, व्हिडिओ काढतात.

वार्षिक कार्यक्रमाला आबा आले. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला टोपी, सोबत सून. गेटवर त्यांचा फोटो असलेला फ्लेक्स लावला होता. त्याच्यासमोर ते क्षणभर थांबले आणि पुढं आले. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला. मग आमच्या नववीतल्या एका मुलीनं आभाराचं भाषण केलं.

ही मुलगी वरच्या धनगरवाड्यावरची. आवाज खणखणीत, उभी राहिली की सभा गप्प. वक्तृत्वाच्या स्पर्धेला तिला पाठवलं की ती बक्षीस घेऊनच येणार. भाषण तिनं स्वतः लिहिलं होतं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. शेवटी ती आबांकडे वळली, हात जोडले आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्यामुळे आम्ही रोज दोन घास जेवतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी आबांकडे बघितलं. ते मुलीकडे बघत नव्हते. शालीचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून ते समोरच्या सतरंजीकडे बघत होते. माणूस भारावलाय, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं.

पुढच्या हंगामात तांदूळ आला नाही.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग स्वयंपाकाच्या मावशींनी कोठी उघडून दाखवली. बाजारातून तांदूळ आणला, दिवस ढकलले. अध्यक्ष हादरले. एवढा सत्कार केला आणि माणूस तुटला, याचं त्यांना वाईटही वाटलं आणि थोडा अपमानही. त्यांनी मला सांगितलं, की आबांना फोन करा, पुन्हा एकदा आभार माना. मी केला. सुनेनं उचलला, आबा शेतात आहेत म्हणाली. पुन्हा केला, पुन्हा शेतात. मला व्हरांडा पुरेना. चपलांच्या मांडणीशी जाऊन मी फोन बंद करून उभी राहिले. आभार मानायला आपण माणसाच्या मागे लागलोय, हे माझ्या ध्यानात आलं आणि कसंसंच झालं.

लेक म्हणाली, "आई, एका शेतकऱ्यानं तांदूळ बंद केला, त्यात तुझी काय झोप जाते?" तिला समजावून सांगता आलं नाही. तांदूळ का बंद झाला यापेक्षा, आपण जे करतोय त्यानं माणसं जवळ येतात की लांब जातात, हे मला कळत नव्हतं. दोन दिवस घरात भांडी आपटून झाल्यावर मी गाडी काढली आणि सरळ नांद्याला गेले.

आबांचं घर मी कौलारू समजत होते. तिथं मजल्यावर मजले चढले होते. खाली घरची माणसं, वर भाड्याच्या खोल्या, अंगणात भाडेकरूंच्या बाईक दाटीवाटीनं उभ्या. सून दाराशी एका पोराला वायफायवरून झापत होती. मला ओळखलं, आत बसवलं, चहा टाकला. मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, की बाई, ते चिडलेत असं समजू नका. शाल त्यांना लई आवडली होती. आल्यागेल्याला दाखवायचे. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर घालून ठेवली होती. मग एक दिवस घडी घालून कपाटात ठेवली आणि त्यावर बोलायचं सोडून दिलं. तांदूळ पाठवायचा का विचारलं की नुसतं हूं म्हणतात. सुनेलाही कारण माहीत नव्हतं. तिनं बोटानं दाखवलं, की मागच्या वावरात आहेत, तुम्हीच विचारा.

भात केव्हाच निघालं होतं, वावरात नुसती खुटं उभी होती. आबा बांधावरच्या आंब्याखाली बसले होते. पलीकडे सोसायटीची भिंत आणि तिच्यावरून आत आलेला जनरेटरचा आवाज. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, "बसा बाई. हितं बसा, तितं मुंग्या हायेत."

मी बसले आणि लगेच उठावंसं वाटलं.  आमच्याकडून काही चुकलं का, असं विचारलं. ते न्हाई म्हणाले. शाल-नारळ आवडला नाही का? "आवडला की. खोटं कशाला बोलू. मला आजवर कुणी शाल घातली नव्हती." मग?  जनरेटर थांबला तेव्हा ते बोलले.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. ते लहान असताना वडील गेले. आई त्यांना घेऊन भावाकडे राहायला गेली, पलीकडच्या खोऱ्यात. मामा भला माणूस. मामीही वाईट नव्हती. हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त घरात पाहुणा आला, की मामी यांना हाक मारायची, समोर उभं करायची आणि विचारायची, "सांग रं, कुनामुळं जेवतोस?" यांनी म्हणायचं, मामांमुळं. पाहुणे कौतुक करायचे, पोरगं गुणाचं आहे म्हणायचे. मामी मग डब्यातून बत्तासा काढून हातावर ठेवायची.

"त्यो बत्तासा मी खायचो, बाई," आबा म्हणाले. "टाकून देत नव्हतो. गोड लागायचा. त्याचंच मला लई वाईट वाटतं."

त्या दिवशी कार्यक्रमात ती पोरगी माइकसमोर उभी राहिली, हात जोडले आणि तेच वाक्य म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा म्हणाले, की टाळ्या ऐकून त्यांच्या तोंडात बत्ताशाची चव आली. आपण मामी झालो असं वाटलं.

मी म्हटलं, पण आबा, तुम्ही तर तिला काही म्हणायला लावलं नव्हतं.

"म्या न्हाई लावलं. पन ती म्हनली तवा मी तितं शाल घेऊन बसलोच व्हतो की."

तांदूळ बंद केलाय का, असं मी शेवटी सरळ विचारलं. ते म्हणाले, बंद केला नाही, राहिलाय. पोती भरून खोलीत आहेत. टेम्पोवाल्याला सांगायला म्हणून ते उठतात, ते वाक्य कानात येतं आणि ते पुन्हा बसतात. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललंय. "माझं मलाच कळंना झालंय," असं म्हणून त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ उचललं, हातात फोडलं आणि माती पुन्हा जिथल्या तिथं टाकली.

परत येताना चांद्याच्या वळणावर मी गाडी बाजूला घेऊन उगाच उभी राहिले. पोती घरात पडून आहेत आणि मुली बाजारचा तांदूळ खातायत, आणि मध्ये आडवं काय, तर आभार. अध्यक्षांना मी एवढंच सांगितलं, की आबांची तब्येत जरा बरी नाही, थोडं थांबू. ते खरं नव्हतं, पण अगदी खोटंही नव्हतं.

त्या मुलीला मात्र मी सांगितलं. सांगावं की नाही यावर पुष्कळ घोळ घातला. तिला अपराधी वाटेल अशी भीती होती. पण ती स्वतःच मागे लागली. बाई, आजोबांचा तांदूळ का येत नाही, मावशी म्हणतात ते रुसलेत, माझ्या भाषणात काही चुकलं का? मग मी तिला व्हरांड्यात बसवून सगळं सांगितलं, मामीचं, बत्ताशाचं, टाळ्यांचं.

तिला अपराधी वाटलं नाही. तिला राग आला.

"म्हणजे त्यांना वाटलं, मला बत्तासा पायजे व्हता?" ती म्हणाली. रागावली की तिच्या बोलण्यातलं वर्गातलं मराठी गळून पडायचं आणि घरचं वर यायचं. "मला कुणी उभं केलं न्हवतं. माझं मी उभी ऱ्हायले. माझं मी लिव्हलं. त्यांनी माझी कीव का केली?"

 आबांच्या बाजूनं मी इतके दिवस विचार करत होते, की हिच्या बाजूनं विचार करायचा राहूनच गेला होता. ही पोरगी कुणाच्याही घरी आश्रयाला नव्हती. भाषण हे तिचं स्वतःचं काम होतं, जसं आबांचं भात. तिचं काम त्यांनी नाकारलं होतं. असं बघितलं की तिचंही बरोबर वाटायचं आणि आबांचंही, आणि मी मध्ये येरझाऱ्या घालत राहायचे.

"मला त्यांच्याकडं न्या," ती म्हणाली.

असं कसं नेणार, म्हणून मी टाळलं. पण पुढं हिंजवडीजवळच्या एका शाळेत वक्तृत्वाची स्पर्धा आली. तिला घेऊन मीच जाणार होते. येताना नांद्यावरून जाऊ, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. रेक्टरबाईंचीही परवानगी तिनंच काढली. स्पर्धेत तिला त्या दिवशी काहीच मिळालं नाही. निकाल ऐकून ती गुश्श्यातच गाडीवर बसली, आणि मला वाटलं आज नकोच. पण नांद्याचा फाटा आला तशी तिनं पाठीमागून माझ्या खांद्यावर टकटक केलं.

आबा अंगणातच होते, खुर्चीवर, बाईकच्या रांगेच्या शेवटी. मुलगी सरळ जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. वाकली नाही. हात जोडले आणि म्हणाली, "आजोबा, ते वाक्य माझं होतं. बाईंनी लिहून दिलं नव्हतं."

आबा म्हणाले, "बरं."

"तुमी मामांच्या घरी व्हता. मी कुणाच्या घरी न्हाई. वसतिगृह आमचं हाय."

"व्हय," आबा म्हणाले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मंग माझ्यामुळं जेवतो, असं का म्हनलीस?"

"तांदूळ तुमचाच व्हता म्हणून. दुसऱ्या कुणाचा सांगू?" ती म्हणाली. "दुधवाले काका आले व्हते, तवा त्यांचं म्हणले. चादरी दिल्या त्यांना म्हणले, तुमच्यामुळं थंडी वाजत न्हाई. जे असंल ते म्हणते मी."

सून दारात चहाचा ट्रे घेऊन थबकली होती.  मला वाटलं आता आबा आणखी दुखावणार, त्यांचं एवढं मोठं दुःख या पोरीनं चादरींच्या रांगेत नेऊन बसवलं. पण आबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज न करता, बराच वेळ, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी हसण्याचंच होतं की कसलं, हे मी आजही सांगू शकत नाही.

मग त्यांनी तिला खुर्ची द्यायला सांगितली आणि विचारलं, "भात कसा हुतोय माझा?"

ती म्हणाली, "गिच्च व्हतो. हाताला चिकटतो."

नवा तांदूळ असतो, पाणी जास्त घालत असतील, मावशींना सांग, असं काहीतरी ते म्हणाले. तिनं मावशींची बाजू घेतली. मावशी म्हणतात मोठ्या पातेल्यात पाणी कमी पडलं की खाली लागतो. आबा म्हणाले, मग जाळ जास्त होतो. त्या दोघांचं ते बराच वेळ चाललं. सून आणि मी चहा पीत ऐकत राहिलो. तांदूळ पाठवणार का, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. निघताना मुलीनं सुनेला सवयीनं "थँक यू काकी" म्हटलं, सुनेनं तितक्याच सवयीनं "वेलकम" म्हटलं आणि आम्ही निघालो.  घोटवडे गावाजवळ मुलगी म्हणाली, की स्पर्धेत ज्या मुलाला पहिला नंबर दिला त्याचं पाठांतर चांगलं होतं, पण त्याला काही म्हणायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात टेम्पो आला. ड्रायव्हर निरोप घेऊन आला होता, की फ्लेक्स लावू नका आणि पुन्हा बोलावणं पाठवू नका. पोती उतरवताना मुली खिडकीतून बघत होत्या, आणि मावशींनी कोठीत जागा करता करता आबांच्या नावानं दोन शिव्याही दिल्या, की एवढा उशीर करतात का.

पुढच्या बैठकीत त्या आयटीतल्या तरुणानं विचारलं, की नांद्याचे आजोबा परत आले ते फोनमुळे की भेटीमुळे? त्याला लॅपटॉपवर काहीतरी भरायचं होतं. मी सांगायचा प्रयत्न केला. आभारामुळे थांबले होते, म्हटलं. मग परत का आले? आभार काढून घेतले म्हणून? तसंही नाही. ती मुलगी तर जाऊन, एक शब्दही मागे न घेता आली होती. तो शांतपणे ऐकत होता, चांगला मुलगा आहे, पण शेवटी त्यानं भेटीमुळे असं लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे सत्कार वाया गेला नाही." मी खिडकी उघडायला म्हणून उठले आणि बैठक संपेपर्यंत तिथंच उभी राहिले.

यालाही आता काळ लोटला. आबांचा रस्त्याकडचा तुकडा मुलांनी बिल्डरला दिला. मागचं वावर अजून आहे. पोती कमी येतात, पण येतात; कधी लवकर, कधी फार उशिरा, आणि उशीर झाला की मी उगाच कोठीत डोकावून येते. ती मुलगी पुण्यात कॉलेजला आहे. सुट्टीत वर वाड्यावर जाताना एकदा नांद्याला उतरली होती, असं सुनेकडून कळलं. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

फोनचं काम मी सोडलं नाही. सोडायचं दोनदा ठरवलं होतं. आभार मानले की माणसं पुन्हा देतात का, असं कुणी मला विचारलं, तर इतक्या वर्षांनंतरही मला उत्तर येत नाही. काही देतात. काही त्यानंच दुरावतात. काहींना आपण फोन केला होता हे आठवतही नाही. मी मात्र अजून प्रत्येक वेळी नंबर लावताना स्वतःला विचारते, की हे मी देणाऱ्यासाठी करतेय की पुढच्या देणगीसाठी, आणि उत्तर यायच्या आत पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणतं.

परवा एका नव्या माणसाला फोन लावला. पहिल्यांदाच देणारा, आवाजावरून तरुण. मागे रस्त्याची गजबज. तुम्ही मुलींसाठी पाठवलेल्या पुस्तकांतलं एक पुस्तक तिघीजणी एकदम वाचतायत आणि त्यावरून भांडतायत, असं मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. मला वाटलं फोन कटला.

"हॅलो?" मी म्हटलं.

"आहे," तो म्हणाला. "अजून काही होतं का?"

नाही, एवढंच, मी म्हटलं. बरं, तो म्हणाला, पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मी टाकीपर्यंत चालत गेले आणि मागे वळले.